मफलरचा फोटो

"मफलर काढ, वहिनी. तो माझा आहे."

नणंदेचं सकाळपासून हेच चाललं होतं. आता तर जहाजाच्या सगळ्यात वरच्या डेकवर, कठड्याला टेकून. वारा असा होता की शहाण्या माणसाने तोंड मिटून आत जावं. पण तोंड मिटणं दोघींच्याही पत्रिकेत नव्हतं.

"तुमचा कसा हो, वन्सं? यांच्या गळ्यात होता, आता माझ्या गळ्यात आहे."

"मी विणलाय. उसवून उसवून विणलाय दादासाठी."

"विणलात एकदा. मग उभा जन्म सांभाळला कोणी?"

सहल खरं तर दादाने ठरवली होती, बायकोला समुद्र दाखवायला. निघायच्या आधीच तो गेला. तिकिटं वाया कशाला घालवायची म्हणून मुलाने त्याच्या जागी आत्याला पाठवलं. तेवढाच दोघींना बदल, म्हणे. बदल! केबिन आवरणाऱ्या पोऱ्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने नवराबायको येणार म्हणून पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून ठेवले होते. नणंदेने एक हंस तिथल्या तिथे उलगडला आणि अंघोळीला घेऊन गेली. भावजयीने दुसरा मोडू दिला नाही. तो अजून तसाच उशाशी एकटा बसून होता.

"दादाचे सगळे कपडे आठवड्याच्या आत वाटून टाकलेस," नणंद म्हणाली. "एक शर्ट मागितला मी. एक! तोही दिला नाहीस."

"कपाट उघडलं की त्यांचा वास यायचा. मला सहन होत नव्हतं."

"आणि याचा होतो?"

भावजयीने मफलरचा वेढा आणखी आवळला. मफलरला अजून वास होता. लवंगेचा, जी तो दिवसभर गालात धरून बसायचा. तेवढंच उरलं होतं आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून तर ही गळ्यातून काढत नव्हती आणि ती पिच्छा सोडत नव्हती.

नणंदेने सरळ एक टोक धरलं आणि ओढलं. भावजयीने गळ्यातून सोडवून दुसरं धरलं. साठी उलटलेल्या दोन बायका भर डेकवर रस्सीखेच खेळावी तशा ओढत होत्या. कोणालाच लाज नव्हती.

तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. रोजचाच. पण डोक्यावरच वाजला आणि दोघी दचकल्या. हिला वाटलं तिने धरलंय, तिला वाटलं हिने धरलंय. मफलर सुटला.

तो आधी वर गेला, चांगला उलगडून. भावजय त्याच्या मागे कठड्यावर अशी झेपावली की तिच्या टाचा उचलल्या गेल्या. नणंदेने एका हाताने तिची कंबर आवळली आणि दुसऱ्याने तिचं पुढे गेलेलं मनगट धरलं.

"मर! मर एकदाची!" ती ओरडत होती आणि ओढत होती.

मफलर पाण्यावर पडला, थोडा वेळ निळा दिसला, मग दिसेनासा झाला.

"तुम्ही सोडलात."

"तू सोडलास."

हे लिफ्टमध्येही चालू राहिलं. बाकीचे लोक दाराकडे तोंड करून उभे राहिले.

जहाजावरचा फोटोग्राफर दिवसभर दिसेल त्याचे फोटो काढायचा आणि संध्याकाळी जेवणघराबाहेरच्या भिंतीवर लावायचा. आवडला तर घ्या. त्या संध्याकाळी मधोमध सगळ्यात मोठा फोटो या दोघींचा होता. खाली पट्टी: 'ध्यानीमनी नसताना आलेला आनंदाचा क्षण!' नणंदेचा गाल भावजयीच्या पाठीला चिकटलेला, दोघींची तोंडं उघडी. लांबून हसल्यासारखीच दिसत होती. वर आभाळात मफलर, पूर्ण पसरलेला.

"किती गोड! बहिणी का?" कोणीतरी विचारलं.

"देवाने वाचवलं," नणंद म्हणाली.

भावजय फोटोच्या अगदी जवळ गेली होती. मागून नणंदही वाकली. मफलरच्या एका कडेला वेगळ्याच निळ्या लोकरीचे टाके होते.

"हे ठिगळ कोणाचं?"

"माझं. तुमचं विणकाम तिथे सुटलं होतं."

नणंदेने त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग फोटोग्राफरला म्हणाली, "एवढा मफलर कापून द्या. आम्ही नकोत त्यात."

"तोंडं जातील," तो म्हणाला, "पण यांचा हात मफलरच्या गोंड्यापर्यंत पोचलाय. आणि यांच्या मनगटावर तुमचा हात. ते काढायचे तर गोंडाही कापावा लागेल."

"गोंडा कापू नका," भावजय म्हणाली. "हात राहू देत."

"तोंडं मात्र काढा," नणंद म्हणाली. "आणि एकेक वेगळा द्या. आमची घरं वेगळी आहेत."

फोटो मिळाले तसे दोघी केबिनमध्ये आल्या. कोणी दिवा लावला नाही. भावजय पलंगाच्या कडेला बसली, फोटो नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगला. बराच वेळ. मग मान हलवली.

"नुसती शाई," ती म्हणाली.

नणंदेला ते पटेना. तिने आपला फोटो हुंगला. मग हात पुढे करून हिचाही घेतला, तोही हुंगला. खाली ठेवला नाही, तसाच तोंडावर दाबून धरला. तिचे खांदे हलायला लागले.

भावजयीने उशाजवळचा हंस उचलला, मानेला धरून झटकन उलगडला आणि तो टॉवेल तिच्या अंगावर फेकला.

"नाक पुसा, वन्सं. माझा फोटो भिजेल."