सूपभर कोंडा

माहेरच्या सुइणीला सूपभर कोंडा देऊन कोंडिबाला विकत घेतलं, असं जाईबाई स्वतःच साऱ्या परंडा गावात सांगायची. तरी तिच्या थोरल्या लेकानं, श्रीपतीनं, त्याला कधी परकं मानलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना आपल्यातली अर्धी भाकर तो कोंडिबापुढं सरकवायचा.

पुढं चौदा वर्षांनी श्रीपतीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी कोंडिबाला विचारलं, "परक्याची किडनी शरीर झिडकारतं. सख्ख्या भावाची जुळू शकते. तुम्ही सख्खे ना?"

 खोटं बोलून दादाच्या जिवाशी खेळ नको, म्हणून कोंडिबा म्हणाला, "न्हाय साहेब. म्या इकत घेतलेला."

तपासणी झालीच नाही. महिन्याभरात श्रीपती गेला.

दहाव्याला कोंडिबा जाईबाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "माय, म्या तुझ्या पोटचा असतो, तर दादा वाचला असता गं."

जाईबाईचा हात त्याच्या केसांतच थांबला.



"पोटचाच हायेस लेकरा. श्रीपतीच्या पाठची, तुझ्या आधीची तीन गेली, म्हणून सटवाईला फसवाया तुला सुइणीच्या पदरात टाकून कोंड्यावर परत घेतला. 'माझा' म्हणलं तर तूबी जाशील, या भ्यानं आजवर बोलले न्हाय."