फोनवरचा आवाज

फोनवरचा आवाज ऐकून अॅम्ब्युलन्स आधी कुणाकडे पाठवायची, हे ठरवणारं मशीन बसवून वर्ष झालं होतं. ते मंजूर करणाऱ्या साहेबांचं प्रशिक्षण मात्र आत्ता, वरातीमागून घोडं.

"या मशीनमुळे कुणावर अन्याय होईल?" प्रशिक्षक मॅडमनी विचारलं.

"तोतऱ्यांवर," एक साहेब म्हणाले. "दारुड्यांवर," दुसरे म्हणाले आणि सगळे हसले. यादी तिथेच संपली. जेवणाचीही वेळ झाली होती.

निघताना मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, इतका किचकट विषय, पण किती शांतपणे समजावलात."

"सवयच आहे, साहेब. नवऱ्याच्या छातीत कळ आली, तेव्हा फोनवर पत्ताही असाच सांगितला होता. मशीनला वाटलं, घाई नाही."