फुलायला पंधरा दिवस

अपूर्वा पोलीस ठाण्यातल्या रात्रपाळीवरून घरी आली, तेव्हा तिच्या सासूबाई, शेवंती, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हाडांपर्यंत गेलेल्या आजाराची कळ आली की शेवंती चादरीचं टोक दातांत धरायची, म्हणजे ओरडणं बाहेर जात नसे. चादर घामानं चिंब झाली होती. अपूर्वानं ती बदलली, बाह्या सरसावून मोरीत धुतली आणि वर्दी उतरवायच्या आधीच वाळत घालायला गच्चीवर गेली.

एरवी कपडे वर न्यायचं काम सासरे, गणपत, कुणाला करू देत नसत. “तू दमून येतस, ऱ्हवांदे,” म्हणायचे. लोअर परळच्या त्या चार मजली जुन्या इमारतीची गच्ची म्हणजे गणपतची बागच होती. वांगी, मिरच्या, तुळस. पाण्याच्या टाकीमागे ते वाकून कशावर तरी फवारणी करत होते.

निळ्या पिंपाच्या अर्ध्या कापलेल्या तुकड्यात छातीएवढं झाड होतं. सात बोटांची कातरलेली पानं. हे पान अपूर्वानं ट्रेनिंगमध्ये फोटोत पाहिलं होतं, आणि नंतर दोनदा पंचनाम्यात.

“बाबा.”

गणपत दचकले. फवाऱ्यातून थोडं ताक पायावर सांडलं.

“हॉस्पिटलात एक जण भेटलेलो,” ते म्हणाले. “त्याच्या बायकोक यानं झोप लागायची. मग शिवरात्रीच्या भांगेतलं बी ठेवलं होतं, ते लावलं. दसऱ्यानंतर.” ते बोलतच राहिले. “पावसात कुजलं असतं. थंडीत बरं. दिवस लहान झाले की याला फूल धरतं. फक्त पानांवर पांढरी भुरी येते, म्हणून ताक मारतोय. खत म्हणशील तर शेण आणि निंबोळी पेंड, औषध एक थेंब नाही. तिच्या पोटात जायचंय ना.”

“हे लावायला परवानगी नाही, बाबा. कुणालाच.”

“माहीत आहे.”

जानेवारीचं कोवळं ऊन टाकीवरून खाली सरकत होतं. अपूर्वानं एका तुऱ्याला हात लावला. बोटं चिकट झाली.

“किती दिवस राहिलेत?”

“पंधरा. हे पांढरे केसर तांबूस झाले की झालं.”

अपूर्वानं वर पाहिलं. शेजारच्या नव्या टॉवरच्या खिडक्या थेट इथेच उघडत होत्या. तिनं पिळलेली चादर झटकली, टाकीपासून कठड्यापर्यंत दोरी ओढून बांधली, आणि चादर तिच्यावर टाकून चारही कोपरे नीट ताणले. झाड चादरीआड गेलं. मग ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. टॉवरची एकेक खिडकी बघू लागली.

गणपतनी तिच्या पाठीकडे, अंगातल्या वर्दीकडे पाहिलं. मग खाली बसले, खोडाला दोन्ही हातांनी धरलं आणि झाड मुळासकट उपटलं.

आवाज ऐकून ती वळली. “बाबा! अहो, मी काही बोलले का तुम्हाला?”

“नाय. म्हणूनच.”

मुळांची माती ते पिंपात झटकत राहिले. “तुझ्या सासूनं तुला या वर्दीसाठी, भरतीच्या वेळी, पळवलं. शिवाजी पार्कात, पहाटे पाच वाजता, हातात घड्याळ धरून. याच्यापायी उद्या तुझी वर्दी गेली, तर त्या दुखण्यावर मी तिला काय देऊ?”

अपूर्वा त्यांच्याशेजारी खालीच बसली. वर्दीला माती लागली. दोघांनी मिळून झाड बारीक चिरलं आणि पाल्याच्या खतात खोल पुरलं. त्यात चांगला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात गणपतनी दोनदा डोळे पुसले आणि दोन्ही वेळा ताक उडालं म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात अपूर्वानं पोलीस ठाण्यातल्या, हॉस्पिटलातल्या, ओळखीच्या सगळ्यांना अशा दुखण्यावरचा उपाय विचारला. शुक्रवारी रजा टाकून ती सासऱ्यांना दादरच्या एका वैद्यबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळे रिपोर्ट वाचले, शेवंतीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि चिठ्ठी लिहून दिली. भांगेच्या पानांचं तेल. परवान्यानं बनवलेलं, वर नाव-नंबर छापलेली बाटली.

“म्हणजे हे कागदावर मिळतं?” जिना उतरताना गणपतनी विचारलं.

“मिळतं. मला तरी कुठे माहीत होतं?”

ते तिसऱ्या पायरीवर थांबले आणि हसायला लागले. अपूर्वाही हसली. वर येणाऱ्या पेशंटनी दोघांकडे वळून पाहिलं.

दुखणं गेलं नाही. पण पहिल्या दिवशी दोन थेंब, मग चार, असं करत दुसऱ्या रविवारी शेवंती जेवून भिंतीला टेकली, गणपतच्या दंडावर डोकं ठेवलं, आणि बोलता बोलता मध्येच गप्प झाली. गणपतनी खाली वाकून पाहिलं. तोंड किंचित उघडं होतं. श्वास सावकाश चालला होता.

बाहेर गॅलरीत पोरांचं क्रिकेट रंगात आलं होतं. तिला काही ऐकू गेलं नाही.

साडेपाचला अपूर्वा चहा घेऊन आली. सासरे सकाळच्या पेपराकडेही हात न नेता तसेच बसलेले.

“अडीच तास झाले, बाबा,” ती कुजबुजली. “हात हळूच काढून घ्या. मी उशी लावते.”

गणपतनी मान हलवली.

“मुंग्या आल्या असतील ना हाताला?”

“येऊंदेत,” ते म्हणाले.