बायपास

इंजिन सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. नवऱ्याने रिमोटचं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. गॅरेजच्या दारात उभा राहून तो फिटरवर असा ओरडत होता, की शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघायला लागला.

"हा रिमोट स्टार्टर तुम्हीच बसवलाय ना? घरातून बटण दाबलं की गाडी सुरू व्हावी म्हणून घेतला मी. सुरू होऊन मरायला नाही."

फिटरही काही थंड डोक्याचा नव्हता. "साहेब, ओरडून गाड्या दुरुस्त होत असत्या, तर मी पाने विकून भोंगा घेतला असता."

बायको पुढच्या सीटवर बसून होती. डॉक्टरांची वेळ टळत चालली होती. डॉक्टर तिच्यासाठी होते, विसरण्याचे. गाडीची दुसरी किल्ली तिने हरवली, तिथून ते सगळं सुरू झालं होतं. त्या किल्लीसाठी तिने पिठाचा डबा परातीत पालथा केला होता, उशांचे अभ्रे उसवले होते, कचऱ्यात हात घातला होता. सासूबाईंनी ही गोष्ट फोनवरून सगळ्या नात्यात पोचवली. पोटची लेकसुद्धा तिला 'विसरभोळी' म्हणायला लागली. उरलेली किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली ती गेलीच.

मग नोकरीचा विषय निघाला. ती औषधांच्या दुकानात होती. "उद्या कुणाला भलतंच औषध दिलंस म्हणजे?" नवरा एवढंच म्हणाला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून साधी एक गोळी चुकली नव्हती, तरी तिने नोकरी सोडली. संताप येतो तो याचाच. आपलं डोकं कामातून गेलंय, हे तिला स्वतःलाही पटलं होतं.

"स्टार्टर ठीक आहे," फिटर म्हणाला. "गाडीला वाटतंय कुणीतरी चोरतंय, म्हणून ती इंजिन बंद करतेय. आतली डबी काढून बघतो."

"डबी उघडू नका." नवऱ्याचा आवाज एकदम खाली आला. "नवीन टाका सरळ. आणि अगं, तू बाहेर बस जरा, इथे पेट्रोलचा वास येतोय."

पण फिटर तोवर स्टिअरिंगखाली आडवा झाला होता. "वहिनी, मोबाइलचा उजेड धरा जरा."

तिने उजेड धरला. फिटरने कव्हर काढलं आणि वायरींच्या गुंत्यातून एक काळी डबी ओढून काढली.

"ही बघा. लोंबकळत होती. मग गाडी चिप कशी वाचणार?"

"कसली चिप?" तिने विचारलं.

"किल्लीतली. खऱ्या किल्लीशिवाय ही गाडी चालू राहत नाही. म्हणून घरची एक किल्ली आत बंद करून ठेवायची. बटण दाबलं की गाडीला वाटतं, किल्ली लावलेलीच आहे. यालाच बायपास म्हणतात. साहेबांनीच आणून दिली होती की बसवताना."

त्याने झाकण उघडलं. किल्लीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. दोन किल्ल्यांत गल्लत होऊ नये म्हणून तिनेच लावलेला.

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, हवा तेवढा होता. आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सांगणारच होतो. पण तू आधीच एवढा गोंधळ घालून ठेवलास. आणि तू घरी असलीस की आईलाही बरं पडतं. आता चारचौघांत तमाशा नको."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती पिठाने माखलेले हात घेऊन रडत होती, तेव्हा हा माणूस समोर बसून चहा पीत होता. दुसरा कप त्याने तिच्याकडूनच करून घेतला होता.

"घट्ट बसवून देतो परत," फिटर म्हणाला. "हिच्याशिवाय रिमोट चालायचा नाही."

"नका बसवू." तिने डबीतून किल्ली काढून घेतली. "गाडी नुसत्या किल्लीवर चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" फिटरने डबी सोडवली, कव्हर ठोकून बसवलं आणि बाजूला झाला.

ती स्टिअरिंगमागे सरकली. सीट पुढे ओढून घेतली, आरसा स्वतःच्या उंचीला केला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

"अगं, थांब," नवरा खिडकीशी येत म्हणाला. "मी घरी कसा येऊ?"

"रिमोट आहे ना तुमच्या हातात," ती म्हणाली. "दाबा."