सहा ओळी कमी

पाहुणे यायच्या आधीच वहिनी हॉलवर पोचली आणि तिनं एकेक पुतळा फिरून पाहिला. चौदा पुतळे, चौदा स्वेटर. राखाडी, निळे, गर्द तपकिरी. तिचा त्यात नव्हता.

दिराच्या नव्या ब्रँडचं तिला कौतुक नव्हतं असं नाही. पुरुषांसाठी उंची लोकरीचे स्वेटर काढले म्हणून त्याचा वर्तमानपत्रात फोटो आला, तेव्हा तिनं तो शेजारणीला दोनदा दाखवला होता. पण आज उद्घाटनाला ती आली होती आपल्या नवऱ्याचा स्वेटर परत न्यायला. तिनं हातानं विणलेला, आणि नवरा वारल्यावर त्याचा म्हणून कपाटात उरलेला एवढाच. "आठ दिवस दे वहिनी, नमुना बघतो आणि आणून देतो," म्हणून दीर घेऊन गेला, त्याला आठ महिने झाले. फोन केला की म्हणायचा, उद्या. त्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

"वहिनी! किती छान दिसतेयस! पुढच्या रांगेत बस हं."

"माझा स्वेटर?"

"आहे गं. कार्यक्रम होऊ दे, मग निवांत देतो." बोलताना त्याची नजर तिच्या डोक्यावरून फोटोग्राफरकडे लागली होती.

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा हा सहावीत होता. तेव्हापासून तिला माहीत होतं, हा 'निवांत' म्हणाला की घरात काहीतरी फुटलेलं असतं. ती पुढच्या रांगेत बसली नाही. मागच्या खोलीत गेली.

तिथे एक वयस्क गृहस्थ वाफेच्या इस्त्रीखालून शेवटचे स्वेटर काढत होते. कारखान्यातले, विणकामाच्या यंत्रावरचे मास्तर. तिनं आपला राखाडी स्वेटर विचारला, तसे ते उठूनच उभे राहिले.

"तो तुम्ही विणलेला? अहो, काय हात आहे तुमचा! चाळीस वर्षं यंत्रावर काढली मी, पण हाताचा इतका एकसारखा टाका पाहिला नव्हता. उसवताना जिवावर आलं हो."

"उसवताना?"

मास्तरांनी इस्त्री उभी करून ठेवली. बोलून बसलो ते बरं नाही झालं, हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता उपाय नव्हता. "यंत्राला नेमके आकडे लागतात ना, बाई. वरवर मोजून भागत नाही. एकेक ओळ उसवायची, टाके मोजायचे, लिहायचे. चार दिवस लागले. साहेब म्हणाले, वहिनींना विचारलंय."

"आणि लोकर?"

"रंग जुळवायला रंगाऱ्याकडे गेली. तिथून काही परत येत नसतं." मग गप्प राहवेना म्हणून म्हणाले, "एकच चूक सापडली तुमची. उजव्या खांद्याला सहा ओळी कमी. मी म्हटलं, सरळ करून घेतो. तर साहेब म्हणाले, हात लावू नका, तीच आपली ओळख."

वहिनी तिथल्या स्टुलावर बसली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. उसवू का, असं त्यानं विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. त्याला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं विचारलंच नाही.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. ती जाऊन मागच्या भिंतीपाशी उभी राहिली.

"हा उतरता खांदा सहज सुचलेला नाही," दीर माइकवर सांगत होता. "दोन वर्षं अभ्यास केलाय आम्ही."

तिच्या पुढ्यातच मोठ्या आरशासमोर एक उंच पाहुणे स्वेटर घालून बघत होते. उजवी बाजू वर ओढायचे, ती पुन्हा खाली यायची. "अहो, पण हा एका अंगाला ओघळतोय की!"

लोक हसले. दिरानं इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला वहिनी दिसली. "ते आमच्या वहिनींना विचारा! मूळ कल्पना त्यांची."

सगळ्या माना वळल्या. आता तिनं उसवलेल्या स्वेटरची गोष्ट काढली असती तर दोन वर्षांच्या अभ्यासाचं तिथल्या तिथे हसं झालं असतं. दिरालाही ते कळलं असावं, कारण त्याचं हसू ओठावरच गोठलं.

"कल्पना कसली," वहिनी म्हणाली. "ह्यांचा उजवा खांदा उतरलेला होता. एकोणीस वर्षं गोदामात गठ्ठे वाहिले त्या खांद्यावर. साधा स्वेटर घातला की गळा वाकडा व्हायचा. म्हणून सहा ओळी कमी घातल्या."

एवढंच ना, म्हणून दिराचा जीव भांड्यात पडला. तो मोकळेपणानं हसला. "दादाचा? काहीतरीच काय, वहिनी! दादाचा खांदा चांगला सरळ होता."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडाकडे बघून वहिनीला ते स्वच्छ कळलं, आणि उसवलेल्या स्वेटरचं दुःख त्यापुढे लहान झालं. त्या गठ्ठ्यांच्या पैशांवर शिकलेला हा मुलगा, आणि ह्यानं एकदासुद्धा भावाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

आरशासमोरच्या पाहुण्यांनी मात्र तिचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी उजवा खांदा हळूच खाली सोडून बघितला. स्वेटर लगेच अंगावर बसला, गळाही सरळ झाला.

"अरेच्चा! असं उभं राहायचं होय," ते म्हणाले, आणि आरशाकडे वळून तसेच उतरत्या खांद्यानं, तिच्याकडे पाठमोरे उभे राहिले.

वहिनी दोन पावलं पुढे गेली. खांद्यावरची लोकर सारखी करायला तिचा हात वर झाला, आणि मग तिनं तो खाली घेतला.