मधला खांब

नव्या फुटपाथच्या तोंडाशीच आत्याची व्हीलचेअर अडली. बाइक चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून तीही जाईना. अपघातानंतर आत्या प्रथमच एकटी वाचनालयात निघाली होती; मी फक्त फुटपाथपर्यंत सोडायला आले होते.

"मधला खांब काढा ना," मी रस्त्याचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरना म्हणाले.

"काढतो. पण बाइकवाले घुसतील, मॅडम."

खांब निघाला. आत्या सहज वर चढली. "मागे येऊ नकोस हं," मला बजावून गेली.

सिग्नलला कंटाळलेल्या बाइक लगेच तिच्यामागे फुटपाथवर आल्या. "मावशी, बाजूला घ्या की. गर्दीत कशाला निघता?" एकीकडे भिंत होती, दुसरीकडे कठडा. हॉर्न वाजत राहिले. शेवटी मीच धावत जाऊन तिला परत आणलं.

घरी येताच आत्याने इंजिनिअरना फोन लावला.

"खांब परत बसवा," ती म्हणाली. "चालणाऱ्यांना तरी चालू द्या."