मागाची कावीळ

शिवराजला कावीळ झाली, तशी वडगावच्या त्या विणकर घरात ताराबाईंनी लेकाच्या गळ्यात मंतरलेली काड्यांची माळ घातली. "माळ लांबंल तशी कावीळ उतरंल. दवाखान्याचं नाव काढायचं न्हाय!"

सून भाग्यलक्ष्मी जन्मभर सुताच्या गाठी मारत आलेली. माळेच्या ढिल्या गाठी बघून तिनं तसलीच दुसरी माळ आणली आणि गुपचूप मागाच्या खुंटीला, जमिनीपासून वीतभर वर राहील अशी अडकवली.

तिसऱ्या दिवशी शिवराजची माळ बेंबीपर्यंत आली. ताराबाई हरखल्या. त्याचे डोळे मात्र हळदीगत पिवळे, अन् पोटात पाणीसुद्धा ठरंना.

भाग्यलक्ष्मीनं सासूला हाताला धरून मागापुढं उभं केलं. खुंटीवरची माळ जमिनीला टेकली होती.



"रिक्षा दारात हाय आत्ती, ह्यांना दवाखान्यात नेते. तुमच्या माळेनं मागाची कावीळ तेवढी उतरली बघा!"